कॉपर लाल आलंय, म्हणून इंजिन खोलायचं का?

पत्र थोडक्यात: इंदूरच्या एका वाचक ताईंचं आहे. बाबांना पक्षाघात झाल्यापासून घरचा ट्रक त्याच सांभाळतायत. २०१८ चं मॉडेल, बीएस फोर, सहा सिलिंडर, पाच लाख किलोमीटर पार झालेला. पीथमपूरहून माल भरून न्हावा शेवाला जातो, येताना मिळेल ते भाडं, महिन्याला सहा-सात हजार किलोमीटर. दसऱ्याला ऑइल कूलर लीक झाला म्हणून नवा टाकला, तेव्हाच ऑइलही बदललं. आता फेब्रुवारीत पुन्हा ऑइल बदलताना डीलरने दिलेल्या किटमधून जुन्या ऑइलचा नमुना, त्यात कोणते धातू किती उतरलेत ते मोजायला, लॅबला पाठवला (बाटलीची आठवण ऑइल काढून झाल्यावर झाली, म्हणून मिस्त्रीने तगारीतून भरून दिली). रिपोर्ट असा: कॉपर ९६ पीपीएम, लाल रंगात. सिलिकॉन ३१, पिवळ्यात. आयर्न ५८, लेड ६, टिन १, ॲल्युमिनियम ९, क्रोमियम ३, सोडियम १४, पोटॅशियम ३. व्हिस्कॉसिटी १३.१, टीबीएन ५.२, काजळी १.१ टक्के, डिझेल एक टक्क्याच्या आत, पाणी नाही. मिस्त्री म्हणतो बेअरिंग गेलं, इंजिन खोला, एक लाख ऐंशी हजार. शिवाय तो असंही म्हणाला की ड्रायव्हरने चांगलं ऑइल विकून लोकल टाकलं असणार. ते ड्रायव्हर काका अकरा वर्षं बाबांसोबत आहेत. मामा म्हणतात गाडी विकून टाक. ताई लिहितात, "मला इंजिनातलं काही कळत नाही, कोणावर विश्वास ठेवू तेवढं सांगा."

ताई,

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. इंजिन आत्ता खोलू नका. गाडी आत्ता विकू नका. आणि रिपोर्ट फाइलला लावून विसरूनही जाऊ नका. मध्ये थोडी कामं आहेत, त्यातली बरीचशी फुकट होणारी, ती झाली की खोलायचं का नाही ते तुमचं तुम्हालाच दिसेल. कोणावर विश्वास ठेवू हा तुमचा प्रश्न आहे ना, त्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, पण आधी आकडे बघू या.

सुरुवात तगारीपासून करू. तुम्ही ते कंसात लिहिलंय पण माझ्यासाठी पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. गॅरेजच्या तगारीत दिवसभरात चार गाड्यांचं ऑइल पडतं, ती पुसून ठेवतात असं काही नाही, उघडी पडलेली असते आणि ट्रान्सपोर्ट नगरची धूळ तुम्हाला मी काय सांगणार. त्यात आधीच्या गाडीचा उरलेला गाळ, फरशीवरची माती, कधी पाना धुतलेलं डिझेल सुद्धा. त्यातून ऑइल बाटलीत भरलं तर लॅबने जे मोजलं ते तुमच्या इंजिनाचं किती आणि तगारीचं किती हे लॅब सांगूच शकत नाही. मशीन चुकीचं नसतं, बाटली चुकीची असते. म्हणून हा रिपोर्ट फेकायचा नाही पण त्याच्यावर एक लाख ऐंशी हजार लावायचे पण नाहीत.

नमुना घ्यायची पद्धत साधी आहे. गाडी रस्त्यावरून आली, इंजिन गरम आहे, तेव्हा घ्यायचा. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट खोलून घेत असाल तर बोल्ट आणि आजूबाजूची जागा आधी पुसून घ्या, पहिलं लिटरभर ऑइल जाऊ द्या कारण तळाचा गाळ त्यात येतो, आणि मग वाहत्या धारेखाली लॅबची नवी कोरडी बाटली धरून पाऊण भरा, झाकण तिथेच लावा. ऑइल बदलायचं नसेल तर ऑइलची लेव्हल बघायच्या गेजच्या नळीतून नवी प्लास्टिकची नळी टाकून हातपंपाने खेचतात, नळी तळाला टेकू द्यायची नाही, ऑइलच्या मध्यावर ठेवायची. जी पद्धत घ्याल तीच दर वेळी घ्या.

दुसरी गोष्ट, तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवला ते बरं केलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात बघा, ऑइलवर किती किलोमीटर चालले तो रकाना रिकामा आहे. टॉपअप किती केला, तोही रिकामा. इंजिन मॉडेलच्या जागी नुसतं "ट्रक" लिहिलंय. म्हणजे लॅबने ९६ समोर लाल रंग लावला तो सगळ्या ट्रकांसाठीच्या एका ढोबळ मर्यादेवरून, तुमच्या ट्रकबद्दल त्यांच्याकडे माहितीच नव्हती.

किलोमीटरने काय फरक पडतो ते आयर्नवरून बघा. ५८ पीपीएम आयर्न. हे आठ हजार किलोमीटरमध्ये जमलं असेल तर दर हजाराला सातच्या वर पडतं, आणि मग मी नक्की विचारलं असतं की लायनर, क्रँक, कॅम यातलं काय घासतंय. पण तुमची गाडी दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत महिन्याला सहा-सात हजार चाललीय, म्हणजे धरून चाला चोवीस ते अठ्ठावीस हजार. त्या हिशोबाने हजाराला दोन-अडीच पडतं. पाच लाख चाललेल्या इंजिनाला हे वाईट नाही. तोच आकडा, पण अर्थ पार उलटा. आणि मध्ये काकांनी पाच-सहा लिटर ऑइल टॉपअप केलं असेल तर सगळे आकडे पातळ होऊन कमी दिसतात, तोही हिशोब करावा लागतो. टॉपअप किती लागतो हीच एक बातमी असते इंजिनाबद्दल, ती वहीत असायला पाहिजे.

आता कॉपर. पीपीएम म्हणजे किलोला मिलिग्रॅम. तुमच्या इंजिनात वीसेक लिटर ऑइल असेल तर ते साधारण सतरा-साडेसतरा किलो, म्हणजे ९६ पीपीएम कॉपर म्हणजे एकूण पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. हे कुठून आलं? मिस्त्री म्हणतो बेअरिंग, आणि तो हवेत बोलत नाहीये, बेअरिंगच्या पत्र्यात खरंच कॉपर असतं. पण ते मधल्या थरात असतं. वरचा थर, जो क्रँकला आधी घासतो, तो बऱ्याच बेअरिंगमध्ये लेड आणि टिनचा असतो. म्हणजे बेअरिंग झिजत झिजत कॉपरपर्यंत पोचलं असतं तर त्याच्या आधी आणि त्याच्यासोबत लेड आणि टिन वर आलं पाहिजे होतं. तुमचं लेड ६, टिन १. दोन्ही गप्प आहेत आणि कॉपर एकटंच ओरडतंय.

आणि एकटं कॉपर कधी ओरडतं? नवा ऑइल कूलर बसवल्यावर. कूलरच्या आत कॉपर असतं, एकतर नळ्या नाहीतर पत्र्यांना जोडणारी झाळ, आणि नव्या कूलरमधल्या त्या कोऱ्या कॉपरवर ऑइलमधल्या ॲडिटिव्हची क्रिया होऊन ते विरघळत ऑइलमध्ये येत राहतं. झिजून नाही, विरघळून. काही इंजिनांत हे शंभर-दोनशेच्या पुढे सुद्धा जातं आणि इंजिनाला काही होत नाही. हळूहळू आतून थर बसतो आणि पुढच्या दोन-तीन ऑइल बदलात आकडा आपोआप उतरतो. ऑइलचा ब्रँड बदलला तरी असं होऊ शकतं. तुमचा कूलर दसऱ्याला बदलला, आणि हा नमुना त्याच्यानंतरच्या पहिल्याच ऑइलचा आहे. मला तर हे कॉपर लाल आलं नसतं तरच नवल वाटलं असतं.

एक गोष्ट मात्र इथे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. आजकाल काही इंजिनांत बिनलेडची बेअरिंग येतात, त्यात लेड नसतंच, मग लेड कमी आहे म्हणून निश्चिंत झालो असं म्हणता येत नाही. तुमच्या इंजिनात कोणती आहेत ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला इंजिन नंबर देऊन विचारा, पार्ट नंबरवरून ते सांगतात. म्हणूनच मी "कूलरच आहे" अशी शपथ घेत नाहीये, कूलर असण्याची शक्यता बरीच जास्त आहे एवढंच म्हणतोय, आणि ती पक्की करायचे रस्ते आहेत ते पुढे येतायत.

मला काळजी वाटली ती पिवळ्याची. सिलिकॉन ३१. लाल रंगाने सगळ्यांचं लक्ष खेचून घेतलं आणि पिवळा तसाच राहिला, पण सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळा धूळ, आणि इंजिन मारायचं काम धूळ जितक्या चुपचाप करते तितकं दुसरं कोणी करत नाही. धूळ हवेतून आत गेली की रिंगा आणि लायनर घासते, मग ऑइलमध्ये उतरून बेअरिंग घासते. धुळीत सिलिकॉनसोबत ॲल्युमिनियम पण असतं, साधारण दोनास एक ते चारास एक असं प्रमाण असलं तर धुळीचा संशय घ्यायचा. तुमचं ३१ आणि ९, म्हणजे साडेतीनास एक. बसतंय त्यात. धूळ लागली की आयर्न आणि क्रोमियम पण वर जायला लागतं, तुमचं अजून गेलेलं नाही, हे चांगलं लक्षण आहे.

पण सिलिकॉन यायचे आणखी रस्ते आहेत. एक तर ती तगारी. दुसरं, कूलर बसवताना मिस्त्रीने गॅस्केटला सिलिकॉनची पेस्ट लावली असेल, ती ऑइलमध्ये उतरते आणि सुरुवातीला आकडा वाढवते, नुकसान काही करत नाही. तिसरं, नव्या ऑइलमध्येच फेस येऊ नये म्हणून थोडं सिलिकॉन घातलेलं असतं. यातलं खरं कोणतं हे रिपोर्टवरून कळणार नाही, बोनेट उघडून बघावं लागेल.

ते असं बघायचं. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंत जो रबरी होज जातो त्याचे क्लॅम्प सैल करा, होज काढा आणि आतून पांढऱ्या कपड्याने पुसा. कपडा स्वच्छ निघाला पाहिजे. क्लीनरच्या पुढच्या बाजूला, म्हणजे गाळलेली हवा जिथे जाते तिथे, बारीक पिवळट भुकटी हाताला लागली की समजा धूळ गळतेय. होज वाकवून बघा, घड्यांमध्ये चिरा असतात त्या सरळ असताना दिसत नाहीत. मग एअर फिल्टर काढा आणि त्याच्या रबरी कडेवर बोट फिरवा, कडेवरून धुळीचा एखादा पट्टा आत गेलेला दिसतो का बघा. आणि काकांना विचारा की फिल्टर किती वेळा हवा मारून साफ होतो. हे विचाराच, कारण आपल्याकडे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने दर फेरीला फिल्टर झोडपायची पद्धत आहे, आणि त्या दाबाने कागदाला बारीक छिद्रं पडतात जी डोळ्याला दिसत नाहीत पण धुळीला सापडतात. फिल्टर साफ दिसतो आणि गाळत काही नाही. आतला जो छोटा फिल्टर असतो तो तर कधीच साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. तुमची गाडी फॅक्टऱ्यांच्या कच्च्या यार्डात उभी राहणारी, आणि आता मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची कापणी-मळणी सुरू झाली की माळव्यात रस्त्यावर हवेत काय उडत असतं ते तुम्ही पाहिलेलंच आहे. मी तुमच्या जागी असतो तर रिपोर्टची वाट न बघता दोन्ही एअर फिल्टर नवे टाकले असते, आणि होजला शंका आली तर तोही.

बाकीचं पटकन उरकतो. व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा दाटपणा, १३.१, पंधरा डब्ल्यू चाळीस ग्रेडच्या ऑइलची मर्यादा १०० डिग्रीला १२.५ ते १६.३ अशी आहे, आपण आत आहोत, थोडं खाली असणं वापरलेल्या ऑइलला चालतं. टीबीएन ५.२ म्हणजे ऑइलमध्ये आम्ल मारायची ताकद अजून शिल्लक आहे, नव्या ऑइलचा टीबीएन डब्याच्या डेटाशीटवर बघा, त्याच्या निम्म्यावर आला की लक्ष ठेवायचं आणि तीनच्या खाली जाऊ द्यायचं नाही. एप्रिल २०२० पासून देशभर पंपावर १० पीपीएम सल्फरचं डिझेल मिळतं, आधी बीएस फोरच्या वेळी ५० होतं, त्यामुळे टीबीएन पूर्वीसारखा भराभर खाली येत नाही. काजळी छान आहे, डिझेल फारसं मिसळलेलं नाही, म्हणजे नोझल ठीक.

सोडियम-पोटॅशियम कमी आहे म्हणजे कूलंट ऑइलमध्ये येत नाहीये, असं रिपोर्ट सांगतो. एक अट आहे. हे दोन्ही कूलंटच्या ॲडिटिव्हमधून येतात, आणि रेडिएटरमध्ये नुसतं ढाब्यावरचं पाणीच भरलं जात असेल तर गळती असूनही हे आकडे शांत राहू शकतात, पाणी गरम ऑइलमधून उडून जातं. म्हणून रेडिएटरमध्ये काय भरतात आणि किती वेळा भरावं लागतं हा एक प्रश्न काकांसाठी लिहून ठेवा.

आता लॅबला जे दिसत नाही ते. ही मशीन ऑइल जाळून त्याच्या उजेडावरून धातू ओळखते, आणि साधारण पाच ते आठ मायक्रॉनपेक्षा मोठा कण तिला नीट दिसत नाही. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन असतो, यावरून अंदाज घ्या. म्हणजे बेअरिंगचा पापुद्रा निघून पडला तर तो रिपोर्टमध्ये येणारच नाही, तो फिल्टरमध्ये जाऊन बसेल. म्हणून जुना ऑइल फिल्टर गॅरेजमध्ये पडला असेल तर आजच फोन करून बाजूला ठेवायला सांगा, फेकला असेल तर पुढच्या वेळचा. फिल्टर कटरने डबा कापायचा, आरीने नाही कारण आरीचाच चुरा आत पडतो. आतला कागद काढून त्याच्या घड्या पांढऱ्या कपड्यावर पसरायच्या, ऑइल निथळू द्यायचं आणि उन्हात नेऊन तिरपं धरून बघायचं. काळं ऑइल आणि काजळी असणारच. चमक शोधायची. चुंबक फिरवला की चिकटेल ते लोखंड. जे चिकटत नाही पण चमकतं, पिवळसर किंवा राखाडी पापुद्र्यासारखं, ते बेअरिंगचं असू शकतं. दोन-चार बारीक ठिपके म्हणजे काही नाही, पण नखाने उचलता येतील असे पापुद्रे घडी-घडीत दिसले तर मग मिस्त्री बरोबर आहे आणि मी स्वतः म्हणेन चेंबर उतरवा.

चेंबर उतरवा म्हटलं, इंजिन खोला नाही. ह्या दोन गोष्टींमध्ये पैशाचा खूप फरक आहे. ऑइल चेंबर खालून उतरवून एक-दोन बिग एंड बेअरिंगच्या (रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथल्या) कॅप काढून बघता येतात, हेड उचलायची गरज नाही. बेअरिंगचा पत्रा सारखा राखाडी असेल तर परत बसवा, कॅपचे बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवरच कसायचे आणि जिथे नवे बोल्ट टाकायला सांगितलंय तिथे नवेच टाकायचे. पत्रा पिवळा पडला असेल म्हणजे वरचा थर गेला, बेअरिंग बदला, क्रँकला ओरखडे नसतील तर काम तिथेच संपतं. मिस्त्रीला भांडणाच्या सुरात सांगू नका, त्याच्याच भाषेत सांगा: "उस्ताद, पहले फिल्टर काटके देखते हैं, फिर चेंबर, उसके बाद हेड की बात करेंगे।" चांगला मिस्त्री याला नाही म्हणणार नाही. तो तुम्हाला फसवतोय असंही मी धरून चालत नाही, त्याने आयुष्यभर कॉपर म्हणजे बेअरिंग हेच ऐकलंय आणि कूलर आपणच बदलला होता हे त्याने या आकड्याशी जोडलं नाही, एवढंच असू शकतं.

पण काकांबद्दल तो जे बोलला ते मला आवडलं नाही, आणि त्याच्यावर जरा थांबू या.

ऑइल विकून लोकल टाकलं, असं म्हणणं सोपं आहे, आणि ताई, तुमच्याच हातातल्या रिपोर्टवरून ते तपासता येतं. दुसऱ्या पानावर कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस हे आकडे आहेत बघा. हे झिजेचे धातू नाहीत, ऑइल बनवतानाच घातलेले असतात आणि प्रत्येक ब्रँडचं आपलं एक प्रमाण असतं. तुम्ही जे ऑइल घेता त्याच्या सीलबंद डब्यातलं थोडंसं वेगळ्या बाटलीत भरून पुढच्या नमुन्यासोबत लॅबला पाठवा, "नवं ऑइल" असं लिहून. दोन्हीचे हे तीन आकडे जवळपास जुळले तर गाडीत तेच ऑइल होतं आणि विषय संपला. नाही जुळले तरी लगेच काकांकडे बोट दाखवू नका, कारण नकली डबे दुकानातूनच येतात, आणि वाटेत ऑइल कमी झालं म्हणून धुळ्याला जे मिळालं ते टाकलं असं पण होतं, रात्री दोन वाजता ड्रायव्हर ब्रँड बघत बसत नाही आणि बसूही नये. नव्या ऑइलचे आकडे हातात असले की पुढचे सगळे रिपोर्ट वाचायला पण सोपे जातात, त्यामुळे हे काम असंही करायचंच होतं.

तुम्ही लिहिलंय की रिपोर्ट आल्यापासून काकांशी नीट बोलणं झालं नाही, तुम्हाला अवघडल्यासारखं होतंय. मला वाटतं इथेच सगळं अडकलंय. तुम्ही असं धरून चालल्या आहात की लॅब आणि मिस्त्री जाणकार आहेत, काका संशयित आहेत आणि तुम्हाला स्वतःला काही कळत नाही. पण वर मी जेवढे प्रश्न लिहिले ते परत बघा. ऑइलवर किती किलोमीटर झाले, टॉपअप किती, रेडिएटरमध्ये काय भरतात, फिल्टरला हवा किती वेळा मारतात, पेस्ट लावली होती का. लॅबकडे यातल्या एकाचंही उत्तर नाही. मिस्त्रीकडे एखाद्याचं असेल. काकांकडे जवळपास सगळ्यांची आहेत. आणखी एक जे फक्त त्यांनाच माहीत असतं: येताना कसारा चढला, मग बिजासन, मग मानपूरच्या आधी गणेश घाट, भरलेल्या गाडीत घाट चढून वर आल्यावर न्यूट्रलला इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना ऑइल प्रेशरचा काटा कुठे असतो? दिवाळीत जिथे होता तिथेच आहे का खाली आलाय? बेअरिंग ढिली झाली की गरम इंजिनात आयडलला प्रेशर पडतं, आणि ते रिपोर्टच्या आधी ड्रायव्हरला दिसतं. थंड इंजिन सुरू करताना पहिल्या क्षणी खालून ठक-ठक येते का, हेही तेच सांगतील.

त्यांना रिपोर्ट दाखवा. नीट बसून, चहा देऊन, बाबांच्या समोर दाखवलात तर अजून चांगलं, बाबांना बोलता येत नसलं तरी गाडीबद्दल चाललंय हे त्यांना कळू द्या. "काका, तुम्ही काय केलं" असं सुरू करू नका. "काका, हे कागद मला समजत नाहीत, तुम्ही गाडी चालवता, मला सांगा" असं म्हणा, आणि वही घेऊन बसा, ते जे सांगतील ते लिहा. एखादी गोष्ट चुकलेली निघेल, म्हणजे फिल्टरला हवा मारणं वगैरे, तर तिथेच ओरडू नका, तो सगळ्या लाइनचाच रिवाज आहे, नवा फिल्टर हातात द्या आणि आता असं करू नका म्हणा. अकरा वर्षं गाडी सांभाळलेल्या माणसाला मालकाच्या घरून चोरीचा आळ आला आणि तो उठून गेला तर कुठलंही बेअरिंग बदलून ते नुकसान भरत नाही.

आणि तुम्हाला काही कळत नाही हे मी मान्य करत नाही. कूलर कधी बदलला, बाटली कुठून भरली, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मी एवढं सांगू शकलो. रेल्वेवाले १९४० च्या दशकात अमेरिकेत डिझेल इंजिनांचं ऑइल तपासायला लागले, आपल्या डिझेल शेडमध्ये पण ही पद्धत आली, आणि तिथे दर इंजिनाचं रजिस्टर असतं, मागच्या वेळेपेक्षा आकडा किती वर गेला ते बघतात. ते रजिस्टर ठेवणं हे मालकाचं काम आहे, आणि तुम्हाला ते येतं.

पुढचा नमुना कधी? आत्ता नवं ऑइल पडलंय, त्याच्यावर आठ-दहा हजार किलोमीटर झाले की, म्हणजे दीडेक महिन्याने, गेजच्या नळीतून घ्या, ऑइल बदलायची गरज नाही. मामला कूलरचा असेल तर कॉपर बऱ्यापैकी खाली दिसेल, शून्य नाही कारण थोडं जुनं ऑइल इंजिनात उरतंच, आणि त्याच्या पुढच्या वेळी आणखी खाली. कॉपर वाढलं आणि सोबत लेड, टिन किंवा आयर्न पण उठलं तर चेंबर उतरवा. सिलिकॉन नव्या फिल्टरने उतरलं तर बरं, नाही उतरलं तर होज, इंटरकूलर, सगळे सांधे परत बघा.

तोपर्यंत गाडी चालवा, पण ह्या गोष्टींपैकी एक जरी दिसली तर आहे तिथे उभी करा, भाडं गेलं तरी चालेल: ऑइल प्रेशरची लाल बत्ती किंवा आयडलला प्रेशर नेहमीपेक्षा खाली, खालून ठोक्याचा आवाज, गेजवर चहाच्या रंगाचं दुधाळ ऑइल, ऑइलची लेव्हल आपोआप वाढणं, रेडिएटर रोज भरावा लागणं. बेअरिंग खरंच गेलं असेल आणि तसंच घाटात ओढलं तर क्रँक जातो, रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, मग एक लाख ऐंशी हजारात काही होत नाही. हे काकांना पण सांगून ठेवा, आणि हेही सांगा की गाडी थांबवल्याबद्दल त्यांना कोणी बोलणार नाही, कारण बोलणी बसतील म्हणून ड्रायव्हर गाडी ओढत आणतात.

हाच प्रश्न ज्यांना आहे पण गाडी वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. बीएस सिक्सवाल्यांनी डिझेलचा रकाना आधी बघावा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं, त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं, दोन टक्क्यांच्या पुढे गेलं तर लक्ष द्या आणि पाचला पोचलं तर ऑइल बदलून कारण शोधा. नव्या गाडीत पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही वर आणि सोडियम शांत असेल तर कूलंट म्हणून घाबरू नका, नव्या इंटरकूलरच्या झाळीतलं फ्लक्स तसं दिसतं आणि हळूहळू जातं. इंजिन नुकतंच बांधलं असेल तर पहिल्या ऑइलमध्ये आयर्न, कॉपर, सिलिकॉन सगळंच जास्त येतं, त्याची तुलना जुन्या रिपोर्टशी करू नका.

राहिले मामा. गाडी विकायची का हा घराचा प्रश्न आहे, बाबांचं दुखणं, तुमचा वेळ, हप्ते, सगळं बघून ठरवायचा, आणि विकावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. फक्त आज विकू नका. आज तुमच्याकडे एक लाल रिपोर्ट आणि गॅरेजमध्ये पसरलेली बातमी आहे, घेणारा इंजिनाचे पैसे आधीच कापून बोलेल. दीड-दोन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट, कापलेल्या फिल्टरचा फोटो आणि काकांनी सांगितलेली वही असेल, तेव्हा ठेवली तरी आणि विकली तरी भाव तुम्ही बोलाल. बेअरिंगच निघालं तर घेणाऱ्याला तसं सांगून विका. मामांना एवढंच म्हणा की दोन महिने थांबा, आणि काका या फेरीहून आले की आधी त्यांच्यासोबत बसा.